जास्तीचे पाच फूट

बोरगाव मेघेतल्या आमच्या कॉलनीत 'प्लॉट घेतला' ही काही बातमी होत नाही. निवृत्त झालेला प्रत्येक शिक्षक, कारकून आणि ग्रामसेवक नागपूर रोडला एकेक प्लॉट घेतो, त्यावर पांढरे रंगवलेले चार खुंट रोवतो आणि दर रविवारी ते खुंट जागेवर आहेत की नाहीत हे बघायला स्कूटरवर जातो. खुंटांशिवाय तिथे बघण्यासारखं दुसरं काही नसतं. मी मात्र प्लॉट चिखलदऱ्याला घेतला. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या वर. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण त्या उंचीवर आमच्या कॉलनीतल्या दुसऱ्या कोणाचंही काहीही नाही.

बातमी फुटताच सल्ले सुरू झाले. शेजारचे प्रेमदास एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि विदर्भातला कुठलाही रस्ता विचारा, ते फलाट क्रमांकापासून सांगतात. त्यांनी आधी परतवाड्यावरून वर जाणाऱ्या घाटातली वळणं मोजून दाखवली. मग तिथे अस्वलं येतात हे सांगितलं. मग पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, जुलैत घातलेलं धोतर ऑगस्टात अंगावरच हिरवं पडतं, हे सांगितलं. मी धोतर नेसत नाही. पण सल्ला देणाऱ्याला असल्या बारीकसारीक गोष्टींनी अडवू नये, असं माझं मत आहे. शेवटी ते म्हणाले, "सर, वर्धेचा मानूस तिथं चार दिवस राह्यते. पाचव्या दिवशी त्याले ऊन आठवते." मी हसून सोडून दिलं. ज्यांनी सेहेचाळीस अंशाला नशीब मानलं आहे त्यांच्याशी काय बोलणार?

प्लॉट चाळीस फूट रुंद आणि साठ फूट लांब. चाळीसची बाजू वर रस्त्याला लागून आणि तिथून जमीन साठ फूट खाली दरीकडे उतरत गेलेली. समोर डोंगरांच्या रांगा, एकामागे एक, शेवटची तर निळीच. परतवाड्याचे दलाल निकेश यांनी पहिल्यांदा ही जागा दाखवली तेव्हा त्यांनी भाव सांगण्याआधीच मी मनात व्हरांडा बांधून मोकळा झालो होतो. दरीकडे तोंड करून बारा फूट रुंद व्हरांडा, त्यात दोन खुर्च्या, आणि एका खुर्चीत मी. दुसरीत अर्थातच आमची इंदिरा, पण चित्र मनात आलं तेव्हा आधी माझीच खुर्ची आली, हे कबूल करतो. खरेदी झाली, आणि व्हरांडा बोरगाव मेघेत इतक्या जणांना इतक्या तपशिलाने सांगून झाला की काही जण 'सर, व्हरांड्यात फरशी कोणती टाकली?' असं विचारायला लागले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली एकवीस हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूरला. ज्याने चौतीस वर्षं गणित शिकवलं तो दुसऱ्याने मोजलेल्या जमिनीवर घर बांधत नाही. एप्रिलमध्ये आम्ही दोघं चिखलदऱ्याला बसस्टँडजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहायला गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी मी टेप काढली. साधीसुधी टेप नव्हे, शाळेत लांब उडी आणि थाळीफेक मोजण्याची तीस मीटरची टेप, एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला फूट. वरच्या खुंटाशी इंदिराने टेपेचं टोक धरलं आणि मी गवतातून, दगडांवरून, एकदा बसून आणि दोनदा घसरून खालच्या खुंटापर्यंत पोचलो. टेप ताणली. पासष्ट फूट.

मी पुन्हा मोजलं. पासष्ट. दुसऱ्या बाजूने मोजलं. तिथेही पासष्ट. इंदिरा वरून ओरडून म्हणाली, टेपेले झोल आला असंन. मी टेप जमिनीला अशी चिकटवून धरली की झोलाला जागाच उरली नाही. पासष्ट ते पासष्टच. खरेदीखतात साठ, सरकारी नकाशात साठ आणि प्रत्यक्षात पासष्ट.

निकेशना बोलावलं. ते बिचारे म्हणाले की नकाशा बरोबर आहे, खुंट सरकारी मोजणीचे आहेत आणि आजवर कोणाची तक्रार नाही. मी त्यांना टेप दाखवली. त्यांनी टेपेकडे बघितलं, उताराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सर, उतार हाय नं पन." मी म्हणालो, उतार आहे हे मलाही दिसतं, पॅन्टची मागची बाजू बघा. मग त्यांनी दहावीच्या गणितात आपल्याला किती मार्क पडले होते ते आपणहून सांगितलं आणि विषय तिथेच थांबला. आमच्या वर्धेकडे जमिनीला चढ म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक, त्यामुळे उतार या गोष्टीचा मी कधी गंभीरपणे विचार केलेला नव्हता, हे आज लक्षात येतं.

तर पाच फूट जास्तीचे. आणि ते आले कुठून? खालून. आमच्या प्लॉटच्या खालच्या अंगाला रुख्माबाईचं घर आहे. पन्नाशीची बाई, दोन म्हशी, एक वासरू, नवरा नाही, मुलगी लग्न होऊन धारणीकडे. रोज सकाळी बाजारातल्या हॉटेलांना खवा आणि रबडी घालते. तिच्या घराला लागून एक पायवाट जाते, तिच्यावरून पर्यटक सूर्यास्त बघायला पॉइंटवर जातात. म्हणजे माझ्या हिशेबाने, खुंट रोवणाऱ्यांनी त्या एकट्या बाईच्या जागेतले पाच फूट चाळीस फुटांच्या रुंदीने माझ्या प्लॉटमध्ये ढकलले होते.

अशा वेळी काय करायचं याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही, असं मी कॉलनीत सांगतो. खरं म्हणजे दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात मी प्रेमदासांना फोन केला. ते म्हणाले, "सर, देवानं देल्लं तं ठेवा. कोनाले कायले सांगता?" हा सल्ला ऐकल्याबरोबर माझा निर्णय पक्का झाला. प्रेमदास म्हणतील त्याच्या उलट करायचं, या नियमावर माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय उभे आहेत.

रविवारी सकाळी मी नारळ आणि पेढे घेऊन रुख्माबाईच्या दारात गेलो. इंदिरा सोबत होती, निकेशना साक्षीदार म्हणून आणलं होतं. मी छोटंसं भाषण केलं. बारा मिनिटांचं. त्यात गणित हे सत्याचं शास्त्र आहे, शिक्षकाचा पेशा, आणि पाच फूट ही लांबी दिसायला छोटी असली तरी नीतीच्या दृष्टीने किती लांब आहे, हे मुद्दे होते. मग खालचे दोन्ही खुंट माझ्या हाताने उपटून टेपेवर मोजून पाच फूट वर रोवले आणि नारळ फोडला.

रुख्माबाई शेणाचे हात पदराला पुसत ऐकत होती. तिने एकच विचारलं, "म्हंजे हे जागा माहीच होती?"

"तुमचीच," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि वासरू आणून त्या पाच फुटांत बांधलं.

मी थोडा वेळ थांबलो. निकेश थांबले. इंदिराने पेढ्यांचा डबा पुढे केला. रुख्माबाईने पेढा घेतला, खाल्ला, खवा ओळखीच्याच हॉटेलचा दिसते म्हणाली आणि आत गेली. आभार नाही, नमस्कार नाही, 'लय मोठं मन हाय गुरुजी' असलं काही नाही. मला आभारांची मुळीच अपेक्षा नव्हती. फक्त ते मानले गेले नाहीत हे माझ्या लक्षात राहिलं, आणि पुढचे सहा महिने रोज लक्षात राहिलं.

उलट झालं असं की तिने आठवडी बाजारात निकेशना चार लोकांत धरलं आणि गरीब बाईचे पाच फूट इतकी वर्षं खाल्ले म्हणून सुनावलं. पुरावा म्हणून माझं नाव सांगितलं. निकेश तेव्हापासून मला बघितलं की रस्त्याच्या पलीकडे जायचे. सत्याची बाजू घेतली की अशा जखमा होतात असं मी इंदिराला म्हणालो. इंदिरा म्हणाली, जखम निकेशले झाली, तुमी काऊन विव्हळून राह्यले?

मे महिन्यात नव्या हद्दीवर दगडी वॉलकंपाउंड उभं राहिलं. गवंडी दोन दिवस येई, तीन दिवस लग्नांना जाई. पण ते दिवस मोठे सुखाचे होते. सकाळी सहाला शाल पांघरून मी बाजारापर्यंत फिरायला जायचो. पंधरा दिवसांत मी 'वर्धेवाले गुरुजी' झालो. चहावाला मला विचारल्याशिवाय साखर कमी टाकायला लागला. पानाच्या द्रोणातली रबडी खात मी कठड्याला टेकून उभा राहायचो आणि दुपारी बरोबर दोन वाजता प्रेमदासांना फोन करून वर्धेचं तापमान विचारायचो. ते पंचेचाळीस म्हणाले की मी शाल सापडत नाही म्हणून घाईने फोन ठेवायचो. माणसाने गर्व करू नये हे खरं. पण एकोणतीस अंशात तो आपोआप होतो.

तिकडे रुख्माबाईने वासरू हलवलं. माती आणि दगड टाकून तिने ते पाच फूट सपाट केले, बांबू उभे केले, वर पत्रे टाकले आणि पायवाटेकडे तोंड करून चहाची टपरी काढली. चूल, दोन बाकं, पावसाळ्यात भाजलेले भुट्टे. सूर्यास्ताला जाणारे लोक थांबायला लागले, कारण दरी तिथून अशी दिसते की चहा गार होतो. भल्या पहाटे खव्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात जाणं तिने हळूहळू बंद केलं. गुडघे गेले होते तिचे, हे मला तेव्हा कळलं. मला आनंद झाला आणि तो मी तिच्यासमोर चेहऱ्यावर ठेवूनही बघितला. ती म्हणाली, "चहा पाह्यजे का?" आणि चहाचे पैसे घेतले.

इथे मी थांबायला हवं होतं. पण ज्ञान माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आमच्या लेआउटमध्ये अमरावतीच्या एका डॉक्टरांचा प्लॉट आहे आणि अकोल्याच्या एका बँक अधिकाऱ्यांचा. दोघांचेही मी मोजून दिले, लोकसेवा म्हणून. दोन्हीकडे चार-पाच फूट जास्त निघाले. डॉक्टरांनी मला दिलखुलास मिठी मारली, आणि जास्तीचे पाच फूट खाली कोणाला न देता त्यावर जास्वंदीच्या कुंड्या मांडल्या. बँक अधिकारी म्हणाले की शिल्लक जास्त निघाली तर आम्ही बँकेत आधी चूक शोधतो. मी म्हणालो, चूक शोधून झाली आहे. ती सरकारची आहे.

हो, तोवर माझा सिद्धांत तयार झाला होता. सगळ्या टेकडीची मोजणीच कमी धरली गेली आहे. मूळ मोजणी इंग्रजांच्या काळातली, साहेब थंड हवेला आलेला, त्याचं लक्ष मोजण्यात कशाला असेल? दर साठ फुटांमागे पाच फूट सुटले आहेत. जुलै महिन्यात, बाहेर दहा फुटांवरचं दिसू नये इतकं धुकं असताना, मी जमीन मोजणीच्या कार्यालयाला चार पानी अर्ज लिहिला. त्यात तक्ता होता, आकृती होती आणि शेवटी शासनाने माझ्या अनुभवाचा विनामूल्य लाभ घ्यावा अशी विनंती होती. अर्जाच्या प्रती काढून एक मी प्रेमदासांना पाठवली. त्यांनी ती कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, आणि तिथे मला एकाहत्तर अंगठे मिळाले.

ऑगस्टात घराचा नकाशा मंजुरीला टाकला आणि तिथे घोडं अडलं. नगरपरिषदेतला तरुण इंजिनिअर अगदी सौजन्याने म्हणाला की दरीच्या बाजूला हद्दीपासून ठरावीक जागा मोकळी सोडावी लागते. तुमची भिंत नकाशातल्या हद्दीच्या आत आली आहे. भिंत हीच हद्द धरायची तर घर मागे घ्यावं लागेल, आणि घर मागे घेतलं की व्हरांडा बसत नाही. सरकारी मोजणीचा ताजा नकाशा आणा, मग बघू. मी त्याला म्हणालो की सरकारी मोजणीच चुकीची असल्याचं मी सरकारला कळवलेलं आहे. तो म्हणाला, हो सर, ऐकलं.

मी काळजी केली नाही. माझा अर्ज गेला होता. सरकार आता मोजायला येणार, आपली चूक बघणार, नकाशावरची हद्दच दुरुस्त करणार, आणि व्हरांडा त्यात कुठेतरी बसणारच. कसा बसणार, हे मी तपशिलात बघितलं नव्हतं. पण माझं चुकलेलं नाही, एवढं मला ठाऊक होतं, आणि माणसाला उभं राहायला तेवढं पुरतं.

ऑक्टोबरात ऊन पडलं आणि मोजणी आली. जीपमधून मापारीणबाई उतरल्या, मागून दोन कर्मचारी एक लांब काठी आणि यंत्र घेऊन. बाईंनी गॉगल काढला, सरळ माझ्याकडे आल्या आणि वाकून पायाला हात लावला. "सर, मी काजल. अल्लीपूर. दहावी ब."

माझी छाती किती फुगली ते सांगत नाही. विदर्भातल्या कुठल्याही कार्यालयात गेलं तरी माझा एखादा विद्यार्थी निघतो, असं मी नेहमी सांगतो आणि लोक हसतात. मी इंदिराकडे बघितलं, टपरीत चूल फुंकणाऱ्या रुख्माबाईकडे बघितलं, ती ऐकते आहे याची खात्री केली आणि काजलला मोठ्याने म्हणालो, "बेटा, आधी माझा अर्ज वाच."

"वाचला सर," काजल म्हणाली. "नाव वाचून वाटलं, या नावाचे दुसरे कोणी सर असतील."

हे मी कौतुक म्हणून घेतलं. मग तिने काम सुरू केलं. काठी इकडे उभी केली, तिकडे उभी केली, यंत्रात आकडे बघितले. पाऊण तास गेला. माझी टेप मी मदतीला घेऊन उभा होतो, ती तिने मागितली नाही. शेवटी ती माझ्याजवळ आली आणि माणसं दूर आहेत हे बघून आवाज खाली आणला. "सर, जमीन कागदावर आडवी झोपवून मोजतात. उतारावरून नाही."

मी म्हणालो, म्हणजे?

तिने एक काडी उचलली आणि मातीत त्रिकोण काढला. आडव्या रेषेखाली साठ लिहिलं. उभ्या रेषेशी पंचवीस लिहिलं, कारण वरच्या रस्त्यापासून खालच्या मूळ हद्दीपर्यंत जमीन पंचवीस फूट खाली उतरते. तिरप्या रेषेवर तिने काहीच लिहिलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, पाच-बारा-तेरा."

अल्लीपूरला नववीच्या वर्गात मी रोज सकाळी हजेरीआधी मुलांकडून काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची त्रिकुटं घोकून घ्यायचो. तीन-चार-पाच. पाच-बारा-तेरा. आठ-पंधरा-सतरा. पहिल्या दोन सरळ बाजू, तिसरी तिरपी, तिचं नाव कर्ण, आणि कर्ण नेहमी सगळ्यात मोठा. पाच-बारा-तेराला पाचाने गुणा. पंचवीस, साठ, पासष्ट.

सरकारने पाया मोजला होता. मी कर्ण मोजला होता. डोंगर गेली कित्येक हजार वर्षं त्रिकोण करून माझ्यासमोर बसला होता आणि मी चौतीस वर्षांच्या अनुभवासह त्याच्या अंगावरून टेप घेऊन घसरत गेलो होतो. जास्तीचे पाच फूट कुठेच नव्हते. खुंट जिथे होते तिथेच बरोबर होते. मी माझ्याच जमिनीतले पाच फूट उपटले होते, नारळ फोडून, बारा मिनिटांचं भाषण करून, आणि शासनाला चार पानी अर्ज लिहून. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. बरं, लाज वाटताना उभं राहायला सपाट जागाही तिथे नव्हती.

काजल भली पोर. ती म्हणाली, "सर, अर्ज मागे घेतला एवढंच लिहून द्या. कारण लिहायची गरज नाही." मी तिच्याकडून कागद घेतला. एवढ्या वर्षांत चुकलेलं उदाहरण मी कधी कोणाला गुपचूप खोडू दिलं नव्हतं. चूक कुठे झाली ते शेजारी लिहायला लावायचो, काजललाही लावलं असेल. मी लिहिलं: 'अर्जदाराने पाया मोजण्याऐवजी कर्ण मोजला. अर्ज चुकीचा आहे. सरकारी मोजणी बरोबर आहे.' खाली सही केली आणि सहीखाली 'निवृत्त गणित शिक्षक' हेही लिहिलं. 

"मग भिंत खाली सरकवून घ्या सर," काजल म्हणाली. "हद्द तुमचीच आहे. व्हरांडाही बसेल."

हे ती हळू बोलली होती, पण टपरी तिथून चार पावलांवर. रुख्माबाई उठून उभी राहिली. तिला त्रिकोण समजला नसेल, हद्द समजली. तिने विचारलं, "म्हंजे हे जागा तुमची हाय?"

"कागदावर माझी आहे," मी म्हणालो. "माझंच मोजायचं चुकलं."

तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी मारलं, भांडी पाटीत भरायला लागली. मग एक बाक एका टोकाने धरून स्वतःच्या घराकडे ओढायला लागली. रडणं नाही, विनवणी नाही. इंदिरा मला काहीच म्हणाली नाही, आणि इंदिरा काहीच म्हणत नाही तेव्हा काय म्हणते ते मला कळतं.

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला व्हरांडा दिसत होता. दोन खुर्च्या, फरशी, समोर डोंगरांच्या रांगा. कॉलनीतले एकाहत्तर अंगठेही दिसत होते. ते वर होते की खाली, हे आता सांगता येत नव्हतं. आणि समोर ती बाई एका हाताने गुडघा धरून बाक ओढत होती. ते दृश्य मला सहन झालं नाही. मी जाऊन बाकाचं दुसरं टोक धरलं आणि परत जागेवर ठेवलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "दिलं ते दिलं. भिंत आहे तिथेच राहील. काजल, तसं लिहून घे."

"सर, व्हरांडा?"

"पाया मोजून जेवढा बसेल तेवढा."

नंतर कळलं की बसत नाहीच. तिथे आता एक खिडकी आहे.

रुख्माबाई बाकावर बसली. "गुरुजी, तवा मी काई म्हटलं नाई," ती म्हणाली. "तुमीच म्हनत होते का थे माहंच होतं. माहंच मले देल्लं, तं त्यात काय म्हनाचं? आता तुमी तुमचं देल्लं." मग तिने विझवलेली चूल पुन्हा पेटवली आणि सगळ्यांना चहा केला. काजलला, तिच्या माणसांना, आम्हाला. या वेळी पैसे घेतले नाहीत. मी द्यायला गेलो तर म्हणाली, "आज नाई."

डॉक्टरांकडे आणि बँक अधिकाऱ्यांकडे मी स्वतः जाऊन चूक कबूल केली. निकेशची माफी मागितली, बाजारात, चार लोकांत, कारण त्यांना सुनावलं गेलं होतं तेही चार लोकांतच. ते मोठ्या मनाने म्हणाले, जाऊ द्या सर, मले तर दहावीत पस्तीसच होते. कॉलनीच्या ग्रुपवर मी खुलासा टाकला. त्यावर प्रेमदासांनी विचारलं की म्हणजे आता तुमच्याकडे पाच फूट कमी का? बाकी अठ्ठावन्न जणांनी हसरे चेहरे पाठवले. मी मोजले.

घर मार्चमध्ये झालं. व्हरांडा नाही म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं चार पायऱ्या उतरून, भिंतीतल्या फाटकातून रुख्माबाईच्या बाकावर जाऊन बसतो. गेल्या रविवारी तिथे यवतमाळचं एक कुटुंब चहा पीत होतं. त्यातल्या गृहस्थांनी दरीकडे बघत विचारलं, "बाई, मोक्याची जागा हाय. तुमची होये?"

रुख्माबाई भुट्ट्यावर लिंबू फिरवत होती. तिने मान वर न करता माझ्याकडे हात केला. "थ्या गुरुजींची होती. मले देल्ली त्याईनं," ती म्हणाली. "मोजून देल्ली."

ते गृहस्थ वळून माझ्याकडे आदराने बघायला लागले. चुकीची मोजून, हे ती म्हणाली नाही. मी ताठ बसलो आणि मीही म्हणालो नाही.